इझमिरला मुक्काम ठोकून: इफेसस, बेर्गामा, सार्डिस आणि आमची आत्या

टूर कंपन्यांच्या पत्रकात तुर्कस्तान म्हणजे इस्तंबूल, कप्पाडोकियाचे फुगे आणि पामुक्कलेचे पांढरेशुभ्र कठडे. इफेससही असतं, पण दोन शहरांच्या मध्ये कुठेतरी दीड-दोन तासांपुरतं. आत्याने पत्रक वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "दीड तासात मी फार तर बसमधून खाली उतरेन. बघायचं कधी?"

आत्या ७१ वर्षांची. सांगलीला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत होती, आता निवृत्त. गुडघे दोन्ही कुरकुरणारे, पण डोकं खणखणीत. मी डोंबिवलीची, नोकरी करणारी. परदेशात गेले होते ते एकदाच, तेही टूरबरोबर, झेंड्यामागे चालत. दोघीच बायका, भाषा येत नाही, खाणं शाकाहारी (अंडं चालतं), म्हणून जायचं ठरवूनही बरेच महिने नुसतीच चर्चा चालली. शेवटी ठरलं ते असं: इझमिरला खोली घ्यायची आणि तिथून रेल्वे-बसने आसपासची जुनी शहरं एकेक करून बघायची. एक दिवस भटकंती, एक दिवस आराम. नकाशा बघितलात तर कळेल का ते. इझमिरपासून इफेसस दक्षिणेला साधारण ८० किलोमीटर, पर्गमम (आजचं बेर्गामा) उत्तरेला शंभरेक, सार्डिस पूर्वेला नव्वदेक. रोज बॅग भरायची कटकट नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाऊन आलो. लिहायला मात्र वर्ष उलटलं, त्यामुळे खाली दिलेले दर त्या वेळचे समजा. मधल्या काळात दोन्ही देशांचे संबंधही चांगलेच ताणले गेले. जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जायचं ठरलं तर निदान कागदपत्रांत गोंधळायला नको, म्हणून हे लिहिते आहे.

भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, पण तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा तिथला रहिवासी परवाना असेल तरच. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मग उरला पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा. तो दूतावास देतो, पण अर्ज मुंबईतल्या व्हिसा केंद्रात भरायचा. इंटरनेटवर 'दहा मिनिटांत तुर्कस्तान ई-व्हिसा' म्हणणाऱ्या भरपूर साइट दिसतील. तुम्ही अटीत बसत नसाल तर तिथे पैसे भरून काही उपयोग नाही, आणि बसत असाल तर सरकारी साइटवरच काम होतं.

फाइल जुलैपासून जमवायला घेतली. अर्ज, त्यांच्या मापाचे फोटो, जाण्यायेण्याच्या तिकिटांचं आरक्षण, हॉटेलचं आरक्षण, प्रवास विमा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, माझ्या ऑफिसचं रजा मंजूर असल्याचं पत्र, आत्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद. शिवाय एक कव्हरिंग लेटर: कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार. आत्याने ते स्वतः लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात इफेससच्या इतिहासावरच दोन परिच्छेद होते, ते मी काढायला लावले. विम्याचं आधीच सांगून ठेवते: सत्तरी ओलांडली की हप्ता एकदम उडी मारतो आणि काही योजना त्या वयाला घेतच नाहीत. दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, आणि आधीचे आजार लपवू नका.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रावर गेलो. माझी फाइल पाच मिनिटांत आत. आत्याची अडली. तिचं बँक स्टेटमेंट नेटवरून काढलेलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही हवी. त्याच बँकेच्या मुंबईतल्या शाखेत गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "खातं सांगलीला आहे ना? शिक्का तिथलाच लागेल." फोन केला भावाला. त्याने दुपारी सांगलीच्या शाखेतून सही-शिक्क्यासह सगळी पानं घेतली, खाकी पाकिटात घातली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली. मी पहाटे सायनच्या पुलाखाली उभी. आदल्या दिवशी तीन ऑफिसांत न हललेला कागद ड्रायव्हरच्या सीटमागच्या जाळीतून, आंब्याच्या वड्यांच्या डब्याखालून सुखरूप निघाला. त्याच दिवशी आत्याची फाइलही आत गेली. तात्पर्य एवढंच की ज्येष्ठ मंडळींचं खातं गावाकडे असेल तर स्टेटमेंट आधीच गावाकडच्या शाखेतून घेऊन ठेवा. व्हिसाचं शुल्क आणि केंद्राचं सेवाशुल्क ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि व्हिसा नाकारला गेला तरी परत काही मिळत नाही. म्हणून तिकिटं रद्द करता येतील अशीच काढली होती, थोडी महाग पडली तरी.

मग वाट बघणं. अर्जाची स्थिती बघायची साइट मी दिवसातून किती वेळा उघडत होते ते सांगत नाही. गणपती ७ सप्टेंबरला होते. त्याच्या थोडं आधी, तीनेक आठवड्यांनी, पासपोर्ट आले. दोघींनाही व्हिसा.

एक घरगुती अडचण उरली होती. निघायची तारीख ५ ऑक्टोबर, म्हणजे ऐन नवरात्र. घट बसलेले असताना घरातलं वडीलधारं माणूस परदेशी जाणार, यावर नातेवाइकांत कुजबुज झाली. आत्याने घट वहिनीच्या स्वाधीन केले आणि जाहीर केलं, "मी देवीच्याच गावाला चाललेय. आर्टेमिस म्हणजे कोण वाटली तुम्हांला?"

पैशांचं सांगते. थोडे युरो रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर. बँकेत पॅन, व्हिसाची प्रत, तिकीट आणि ए-टू फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज) द्यावा लागतो. अर्धा दिवस मोकळा ठेवा. तिथे लिरा एटीएममधून काढले. काही यंत्रं घसघशीत शुल्क दाखवतात, तेव्हा व्यवहार रद्द करून पुढच्या यंत्रावर जायचं. 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं. तेव्हा एक लिरा म्हणजे अडीच रुपयांच्या जरा आत होता.

मुंबईहून इस्तंबूल, तिथे विमान बदलून इझमिर. इस्तंबूलच्या इमिग्रेशनला परतीचं तिकीट विचारलं, ते कागदावर काढलेलं होतं म्हणून बरं. मोबाइलची बॅटरी तोवर मान टाकून बसली होती. इझमिरच्या अदनान मेंदेरेस विमानतळाला लागूनच 'इझबान' या उपनगरी रेल्वेचं स्टेशन आहे. तिथे 'इझमिरिम कार्ट' नावाचं कार्ड घ्या. रेल्वे, मेट्रो, ट्राम, बस आणि खाडीतली बोट सगळीकडे तेच चालतं. इझबानची एक गंमत लक्षात ठेवायची: आत शिरताना लांबच्या अंतराचे पैसे कापून घेतात आणि उतरल्यावर बाहेरच्या यंत्राला कार्ड लावलं की उरलेले परत जमा होतात. ते न लावता घाईघाईने बाहेर पडणारे पाहुणे बरेच दिसले.

खोली बासमाने स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतली होती. भाग काही देखणा नाही. स्वस्त हॉटेलं, पत्र्याची दुकानं, रात्री जरा ओसाड. पण गुडघेदुखीच्या माणसाला सकाळी गाडी दारात मिळणं जास्त महत्त्वाचं, आणि त्या हिशेबाने जागा उत्तम.

पहिले दोन दिवस इझमिरमध्येच. हे जुनं स्मिर्ना, पण गाव म्हणून नवं दिसतं, कारण सप्टेंबर १९२२ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळून गेला. जळालेल्या वस्तीच्या जागेवर १९३६ मध्ये कुल्तुरपार्क हे मोठं उद्यान केलं. आम्ही तिथे सकाळी फिरायला जात होतो, झाडं बघत. मग आत्याने आठवण करून दिली की आपण घरांवरून चालतोय.

रोमन काळातला अगोरा, म्हणजे बाजारचौक, मात्र मध्येच, इमारतींच्या गराड्यात, शिल्लक आहे. इ.स. १७८ च्या भूकंपात तो कोसळला आणि सम्राट मार्कस ऑरेलियसच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. वर खांब आहेत, पण मजा खाली, तळघराच्या कमानींत. तिथल्या गिलाव्यावर रोमन काळातल्या बाजारकरूंनी जहाजं, लढवय्ये, शब्दकोडी असं काय काय खरडून ठेवलंय, आणि एका कडेच्या पन्हळीतून आजही झुळुझुळु पाणी वाहतं. आत्याने त्यात बोटं बुडवली. पहारेकऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

तिथून केमेराल्ती बाजार जवळ. १७४४ ची किझलारआसी हान ही सराई अजून दुकानांनी गजबजलेली आहे. अंगणात कॉफी प्यायलो. चौकातला घड्याळाचा मनोरा १९०१ चा, सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यारोहणाच्या पंचविशीनिमित्त बांधलेला. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला, आणि सरळ धक्क्यावर जाऊन कार्शीयाकाला जाणारी बोट पकडली. कार्डावरच्या तेवढ्याशा पैशांत अख्खी खाडी बघून झाली. सहलीच्या बोटींवर पैसे घालवायची गरज नाही.

खाण्याचं फार भय होतं, ते पहिल्याच दिवशी गेलं. सकाळी बोयोझ, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून आलेल्या ज्यू लोकांनी आणलेली पापुद्र्यांची गोल पुरीवजा वस्तू, उकडलेल्या अंड्याबरोबर. दुपारी ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या भाज्या, गोझलेमे (सारण भरलेली पोळी), मसूर डाळीचं सूप. सूपात कधी मटणाचं पाणी असतं, म्हणून मी "एत सुयू वार मी?" एवढं पाठ केलं. बाकी "एत योक, तावुक योक, बालुक योक", मटण नको, कोंबडी नको, मासा नको, यावर सगळं निभावलं.

मंगळवारी बेर्गामा. इझबानने उत्तरेच्या टोकाला आलिआगा, तिथून बस. सगळं मिळून अडीच-तीन तास लागतात. पर्गमम हे आत्तालिद राजांचं शहर. शेवटचा राजा तिसरा अत्तालोस इ.स.पू. १३३ मध्ये वारला, तो सगळं राज्य मृत्युपत्राने रोमच्या नावे करून. हे शहर टेकडीच्या माथ्यावर आहे आणि वर जायला केबल कार आहे. वारा फार असेल तर ती बंद ठेवतात, त्यामुळे टॅक्सीचे पैसे खिशात असू द्या.

वरचं नाट्यगृह बघून मला गरगरलं. सुमारे दहा हजार माणसांची बैठक, आणि उतार एवढा खडा की वरच्या ओळीतून पाय खाली सोडले तर थेट दरी. आत्या वरच बसली, मी निम्म्यापर्यंत जाऊन आले. थोडं खाली, दोन मोठ्या झाडांच्या सावलीत पायऱ्यांचा एक चौथरा आहे, बाकी काही नाही. ही झ्यूसच्या प्रसिद्ध वेदीची जागा. वेदी कार्ल हुमान या जर्मन अभियंत्याने १८७८ पासून खणून काढली आणि ती बर्लिनला गेली. बर्लिनमधलं ते दालनही दुरुस्तीसाठी २०२७ पर्यंत बंद. म्हणजे जागा आहे तिथे वेदी नाही, आणि वेदी आहे तिथे दाराला कुलूप. आत्या त्या चौथऱ्यावर बराच वेळ बसली होती. म्हणाली, "शाळेत असताना याचं चित्र फळ्यावर काढायचे मी. नुसत्या पायऱ्या सोप्या जायच्या."

खाली गावाबाहेर अस्क्लेपिऑन, म्हणजे प्राचीन आरोग्यधाम. रोग्याने यायचं, झऱ्याच्या पाण्याने आंघोळ करायची, रात्री तिथेच झोपायचं. स्वप्नात देव उपाय सांगतो आणि सकाळी वैद्य त्याचा अर्थ लावतात. गॅलेन इथलाच, इ.स. १२९ मध्ये पर्गममला जन्मलेला. आपल्याकडच्या युनानी हकिमांचा तो जालिनूस. जवारिश जालिनूस हे पचनाचं औषध आजही आपल्या दुकानांत मिळतं. मिरजेला आजोबांच्या कपाटात त्याची बरणी असायची, आत्याला तिची चवसुद्धा आठवत होती. आरोग्यधामाच्या बोगद्यातून चालताना गारवा छान वाटला. गुडघ्यांसाठी झऱ्याचं पाणीही लावून झालं. फरक पडला का विचारलं तर म्हणाली, "स्वप्न पडल्यावर सांगते."

वाटेतला किझिल आव्लू, लाल विटांचा प्रचंड सांगाडा, थकल्यामुळे घाईतच बघितला. इजिप्शियन देवांसाठी बांधलेलं देऊळ, पुढे चर्च, आणि त्याच्या एका गोल बुरुजात आज मशीद. खालून नदी वाहते.

एक दिवस आराम करून गुरुवारी सार्डिस. इझमिरच्या मोठ्या बसस्थानकावरून सालिहलीची बस पकडायची आणि ड्रायव्हरला "सार्त" म्हणून ठेवायचं. तो महामार्गावरच उतरवतो आणि रस्ता ओलांडला की समोर तिकीटघर.

मला विचाराल तर या प्रवासातलं सर्वांत कमी गर्दीचं आणि सर्वांत भारी ठिकाण हेच. प्राचीन लिडिया राज्याची राजधानी, तिथल्या क्रोएसस राजाचं गाव. सोन्या-चांदीच्या मिश्रणाची जगातली पहिली नाणी लिडियन लोकांनी पाडली आणि क्रोएससच्या काळात शुद्ध सोन्याची व शुद्ध चांदीची वेगळी नाणी निघाली. ते धातू वेगळे करण्याच्या भट्ट्यांचे अवशेष पाक्तोलस ओढ्याच्या काठी सापडले. ओढा आम्ही बघितला. ऑक्टोबरमध्ये त्यात पाण्यापेक्षा दगडच जास्त. व्यायामशाळेची दुमजली संगमरवरी दर्शनी बाजू परत उभी केली आहे, आणि तिला लागून एक सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, जमिनीवर रंगीत फरशीकामाची नक्षी असलेलं. १९६२ मध्ये ते सापडलं. तिथे संगमरवरी टेबलाच्या पायांवर पंजात वीज धरलेले गरुड कोरलेत. मूळ वस्तू संग्रहालयात, इथे प्रतिकृती, तरी आत्या त्यांच्या नखांवरून बोट फिरवत राहिली.

आर्टेमिसचं देऊळ तिथून किलोमीटरभर आत. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पानं पिवळी पडायला लागलेली. हा मनिसा जिल्हा, सुलताना बेदाण्याचं माहेर, आणि आपली थॉमसन सीडलेस म्हणजे तीच सुलताना. सांगलीकर बाईला आणखी काय पाहिजे? देवळाचे पूर्ण उंचीचे दोन खांब लांबून दिसत होते, आणि आत्या रस्त्याच्या कडेला बागवानाशी खाणाखुणांनी बोलत होती: वेल असे बुटके का, मांडव का नाही? त्याने मूठभर बेदाणे दिले. तिने एकेक चघळून निकाल दिला: "तासगावचा हिरवा असतो, हा तांबूस. गोडीला हाच सरस, पण तिकडे सांगू नकोस."

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने सार्डिस आणि बिन तेपे इथली लिडियन थडगी (वर मातीची टेकाडं असलेली) जागतिक वारशात घेतली. त्याच बैठकीत आपले बारा किल्लेही यादीत आले. बातमी आली तेव्हा आत्याने सकाळी सहा वाजता फोन केला होता.

शुक्रवारी बासमानेहून रेल्वेने सेल्चुक, कारण इफेसससाठी दोन रात्री तिथेच राहायचं ठरवलं होतं. सव्वा-दीड तासाचा प्रवास, भाडं विमानतळावरच्या कॉफीपेक्षा कमी. हा मार्ग म्हणजे इंग्रज कंपनीने बांधलेली स्मिर्ना-आयदिन रेल्वे, १८६६ मध्ये पूर्ण झालेली. "आपली बोरीबंदर-ठाणे त्रेपन्नची," आत्या म्हणाली आणि खिडकीला टेकली. त्या दिवशी तिचा अष्टमीचा उपवास होता. सेल्चुकला 'कुंपिर' नावाचा भला मोठा भाजलेला बटाटा मिळतो. वरचं लोणचं, मका, सॉस सगळं नको म्हटल्यावर दुकानदाराला वाईट वाटलं, पण बटाटा, लोणी, मीठ आणि वर अंजिरं असा उपवास झकास पार पडला.

या रेल्वेची स्टेशनं उभारायला आलेला एक इंग्रज वास्तुकार, जॉन टर्टल वुड, १८६३ मध्ये नोकरी सोडून इफेससच्या आर्टेमिसच्या देवळाच्या मागे लागला. प्राचीन जगातलं हे एक आश्चर्य, पण जमिनीवर खूणही उरली नव्हती. ते कसं सापडलं ते आत्याने मला देवळाच्या जागी उभं राहून सांगितलं. इफेससच्या नाट्यगृहात वुडला एक लांबलचक शिलालेख मिळाला. इ.स. १०४ मध्ये सालुतारिस नावाच्या श्रीमंत माणसाने देवीच्या सोन्या-चांदीच्या मूर्ती दान केल्या आणि नियम लावून दिला: ठरलेल्या दिवशी मूर्ती देवळातून निघतील, मॅग्नेशिया वेशीतून शहरात येतील, नाट्यगृहात बसतील आणि दुसऱ्या वेशीतून परत देवळात जातील. कोणी उचलायच्या, कुठे कोणी पुढे व्हायचं, कोणाला किती पैसे वाटायचे, सगळं लिहिलेलं. "पालखीचा मार्गच की हा," आत्या म्हणाली, "मानकऱ्यांसकट." वुडने ती वेस शोधली, तिथून रस्ता उकरत गेला आणि १८६९ च्या शेवटच्या दिवशी त्याच्या माणसांची कुदळ देवळाच्या फरशीला लागली.

आज तिथे काय आहे? एक खांब. तोही सापडलेले तुकडे एकावर एक रचून उभा केलेला. बाजूला डबकं, त्यात बदकं आणि कासवं. रोमन लेखक प्लिनीने १२७ खांब सांगितले आहेत. खांबाच्या डोक्यावर करकोच्याचं घरटं होतं, ऑक्टोबरमुळे रिकामं. तिकीट नाही, आणि बहुतेक बसगाड्या थांबतही नाहीत. आत्या तिथे चांगली तासभर बसली; मी बांधावर बसून कासवं मोजली.

शनिवारी, १२ ऑक्टोबरला, दसरा. इफेससला दोन दारं आहेत, वरचं आणि खालचं. सेल्चुकची मिनीबस खालच्या दाराला सोडते, पण आम्ही मुद्दाम टॅक्सीने वरच्या दाराला गेलो, साधारण अडीचशे लिरा पडले. वरून शिरलं की सगळी वाट उताराची, आणि परत यायला खालच्या दारातून मिनीबस. गुडघे असोत नसोत, हेच करा. दुसरं, सकाळी कुशादासीच्या बंदरातून जहाजांवरच्या पर्यटकांचे तांडे येतात, म्हणून आम्ही दोननंतर गेलो. तिसरं, स्वच्छतागृहं दारांपाशीच. मध्ये आहे ते दोन हजार वर्षांपूर्वीचं सार्वजनिक शौचालय, संगमरवरी, ओळीने भोकं असलेलं, फक्त बघायला.

क्युरेटेस रस्त्यावरचा संगमरवर लाखो पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की कोरड्या हवेतही पाय सरकतो. रबरी बुडाची काठी आणली होती, तिचा खरा उपयोग इथे झाला. कडेची निवासी घरं, टेरेस हाउसेस, छपराखाली आहेत. तिकीट वेगळं आणि जिने बरेच. आत्याने बाहेर मांजरांच्या संगतीत बसायचं ठरवलं, मी एकटी आत गेले. भिंतींवरची रंगीत चित्रं, जमिनीवरची नक्षी, आणि लांबच लांब टेबलांवर मांडून ठेवलेले संगमरवराचे हजारो तुकडे. भिंतीवरचा कुठला तुकडा कुठला ते जुळवायचं काम अजून चालू आहे.

रस्ता संपतो तिथे सेल्ससचं ग्रंथालय. प्रांताधिकारी असलेल्या सेल्ससच्या स्मरणार्थ मुलाने बांधलेलं, आणि खाली तळघरात सेल्सस स्वतः पुरलेला. आज दिसते ती दर्शनी बाजू १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेल्या दगडांतून परत उभी केली. आत्या समोरच्या पायरीवर बसली, पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आपट्याची पानं काढली, एक माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "घे सोनं. आणि उठायला हात दे."

नाट्यगृहात सुमारे पंचवीस हजार माणसं बसत. इथेच ख्रिस्ती धर्मप्रसारक सेंट पॉलविरुद्ध चांदीकामगारांनी दंगा केला, देवीची चांदीची छोटी देवळं विकून पोट भरणाऱ्यांचा धंदा बुडणार म्हणून. समोरून बंदराकडे जाणारा रुंद रस्ता सुटतो आणि झुडपांत संपतो. नदीच्या गाळाने बंदर भरत गेलं, समुद्र पाचेक किलोमीटर मागे हटला आणि शहर ओस पडलं.

रविवारी सेंट जॉनची बॅसिलिका (जुनं चर्च), १३७५ ची इसा बे मशीद आणि इफेसस संग्रहालयातल्या आर्टेमिसच्या दोन मूर्ती. संग्रहालय बाकी सगळं बघून झाल्यावर बघा. मूर्ती कोणत्या मातीतून आली ते माहीत असलं की काचेसमोर पाय आपोआप थांबतात.

आता हिशेब. आम्ही गेलो तेव्हा इफेससचं तिकीट ४० युरो होतं, म्हणजे पावणेचार हजार रुपयांच्या आसपास. टेरेस हाउसेसचे १५ युरो वेगळे. दर युरोत लिहिलेले, पण त्या दिवशीच्या भावाने लिरात घेतात. ज्येष्ठ नागरिकांची सवलत फक्त तिथल्या नागरिकांना, आत्याचं आधार कार्ड कामाला आलं नाही. एजियन भागाचा संग्रहालय पास ९५ युरोंना होता, पहिल्या वापरापासून सात दिवस चालणारा. बेर्गामापासून सेल्चुकपर्यंत सगळं त्या सात दिवसांत बसवलं तरच तो परवडतो, आणि टेरेस हाउसेस करणार नसाल तर बहुधा नाहीच परवडत. मी माझ्यासाठी घेतला, आत्याची तिकिटं सुटी काढली. विमान, व्हिसा, विमा, राहणं, खाणं, तिकिटं सगळं धरून दोघींचे सव्वातीन लाखांच्या जवळपास गेले. विमानाखालोखाल जास्त खर्च प्रवेशतिकिटांवर झाला आणि सर्वांत कमी रेल्वे-बसवर. इझमिरिम कार्टवर थोडे लिरा शिल्लक आहेत. ओळखीचं कुणी जाणार असेल तर सांगा, कार्ड देईन.